अचानक कराव्या लागलेल्या सिझेरियनविषयी: नेमके काय झाले, हे कोणाला विचारावे?

सोनकी

नमस्कार. हे माझे पहिलेच बाळंतपण. मुलगी झाली, त्याला आज २६ दिवस झाले. जन्मतः तिचे वजन ३ किलो १५० ग्रॅम होते, ती अंगावर नीट पिते आणि माझे टाकेही कोरडे आहेत. असे असूनही रात्री तिला पाजायला उठले की ती संध्याकाळ डोळ्यांपुढे उभी राहते आणि रडू आवरत नाही. घरातली माणसे जीव लावणारी आहेत, पण मला जे विचारायचे आहे ते त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

मी पुण्यात नोकरी करते. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झाल्यावर सातारा जिल्ह्यातील माहेरी आले आणि तेथील एका खासगी प्रसूतिगृहात नाव नोंदवले. नऊ महिन्यांत रक्तदाब, साखर, सोनोग्राफी, कशातच खोट निघाली नव्हती. दिवस भरून पाच दिवस वर गेले आणि पहाटे चारच्या सुमारास पाणमोट फुटली. साडेपाचला दवाखान्यात पोहोचलो. नऊ वाजता कळा वाढवण्यासाठी सलाइन लावले. दुपारी दोन वाजता पिशवीचे तोंड सहा सेंटिमीटर उघडले असल्याचे सांगण्यात आले आणि संध्याकाळी सहा वाजताही ते सहाच सेंटिमीटर होते. माझ्या सगळ्या कळा कमरेत येत होत्या. पोटात जवळजवळ काहीच नाही आणि कंबर मात्र कोणी आतून फोडत असल्यासारखी.

त्यानंतर काय झाले ते मला तुकड्यातुकड्यांनीच आठवते. पोटाला लावलेल्या यंत्राचा ठोक्यांचा आवाज एकदम संथ झाला. सिस्टरनी मला डाव्या कुशीवर वळवले आणि नाकाला प्राणवायू लावला. डॉक्टर आल्या, तपासले आणि माझ्याकडे न पाहता दाराकडे वळून म्हणाल्या, “थिएटर तयार करा.” एकीने माझ्या हातातल्या हिरव्या बांगड्या काढायला घेतल्या. हात सुजले होते, त्या निघेनात, म्हणून साबण लावून काढल्या. दोन तरीही राहिल्या, त्या फोडाव्या लागल्या. मंगळसूत्र काढून घेतले. कळ चालू असतानाच समोर कागद आला आणि “इथे सही करा” एवढेच ऐकू आले. मी कशावर सही केली हे मला आजही ठाऊक नाही. “काय झालंय?” असे मी तीनदा विचारले. तिन्ही वेळा उत्तर मिळाले, “काही नाही, घाबरू नका.”

पुढच्या अर्ध्या तासात मुलगी जन्मली. तिचे रडणे ऐकू आले, कापडात गुंडाळलेला चेहरा क्षणभर दाखवला आणि बालरोगतज्ज्ञ तिला घेऊन गेले. मी तिला हातात घेतले ते तीन तासांनी.

घरी आल्यापासून मला दोन वाक्ये पुन्हापुन्हा ऐकावी लागतात. नात्यातल्या बायका म्हणतात, “अजून थोड्या कळा सोसायला हव्या होत्या.” शेजारचे म्हणतात, “खासगी दवाखाना आहे, पैशासाठी कापलं.” पहिल्या वाक्यात दोष माझा आहे आणि दुसऱ्यात डॉक्टरांचा, पण त्या संध्याकाळी माझ्या शरीरात आणि माझ्या मुलीच्या शरीरात खरोखर काय चालले होते, हे दोन्हींपैकी एकाही वाक्यात नाही. मला कोणावर आरोप करायचा नाही. शस्त्रक्रिया आवश्यक होती का, आणि असल्यास ती मला आधी का सांगितली गेली नाही, एवढेच जाणून घ्यायचे आहे. हे विचारण्याची काही रीत असते का? ज्या मातांवर ही वेळ आली आहे, त्यांनी कृपया लिहावे.

दवबिंदू

आपल्या बाळास अनेक आशीर्वाद. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, देशातील एकूण प्रसूतींपैकी २१.५ टक्के सिझेरियनने झाल्याचे आढळले होते. सरकारी रुग्णालयांत हे प्रमाण १४.३ टक्के होते आणि खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के. हे आकडे पाहिल्यावर आपल्या शेजाऱ्यांचे म्हणणे अगदीच निराधार वाटत नाही. आपल्यालाही फसवले गेले असण्याची शक्यता मोठी आहे, असे मला वाटते.

मोगरा

सोनकी, तू माझ्या मुलीच्या वयाची असशील, म्हणून एकेरीत लिहिते. मी बत्तीस वर्षे सरकारी रुग्णालयांच्या प्रसूती कक्षांत परिचारिका होते आणि आता निवृत्त आहे. तुझे लिहिणे दोनदा वाचले.

आधी दवबिंदू यांच्या मुद्द्याविषयी. आकडे खरे आहेत आणि ते काळजी करण्यासारखेच आहेत. मात्र शंभर बायकांमागे सत्तेचाळीस, या आकड्यावरून त्या सत्तेचाळिसांतल्या अमुक एकीची शस्त्रक्रिया आवश्यक होती की नव्हती, हे सांगता येत नाही. ते फक्त तिच्या केसपेपरवरून सांगता येते. आकडेवारीच्या बळावर एखाद्या बाळंतिणीला “तुला फसवले” असे सांगणे मला योग्य वाटत नाही, कारण ते खरे नसेल तर ती आयुष्यभर त्या डॉक्टरांवर आणि स्वतःच्या विश्वासावर विनाकारण चिडत राहील.

सोनकी, तुझे दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. ते वेगळे कर. शस्त्रक्रिया हवी होती का, याचे उत्तर कागदावर असते. तुला का सांगितले नाही, याचे उत्तर फक्त त्या खोलीतल्या माणसांकडे असते. पहिला प्रश्न सुटल्याशिवाय दुसरा विचारायला जाऊ नकोस, म्हणजे बोलणे भांडणावर जाणार नाही.

तुझ्या डिस्चार्ज कार्डावर “एलएससीएस”, म्हणजे सिझेरियन, या अक्षरांच्या पुढे कारण लिहिलेले असेल. ते वाच. “एनपीओएल” असेल तर त्याचा अर्थ कळांची प्रगती थांबली. “फीटल डिस्ट्रेस” असेल तर बाळाला त्रास होत असल्याची चिन्हे दिसत होती. “एमएसएल” असेल तर बाळाने आतच शी केल्यामुळे पाणी हिरवट झाले होते. एवढ्यावर थांबू नकोस, संपूर्ण केसपेपरची प्रत माग. भारतीय आयुर्विज्ञान परिषदेच्या २००२ च्या नियमावलीनुसार दाखल रुग्णाची कागदपत्रे तीन वर्षे जपून ठेवावी लागतात आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांच्या आत द्यावी लागतात. अर्ज साधा असतो: नाव, दाखल झाल्याची तारीख, “माझ्या प्रसूतीच्या संपूर्ण कागदपत्रांची प्रत मिळावी”, सही. कारण देण्याची गरज नाही.

त्या कागदांत दोन गोष्टी पाहा. पहिली म्हणजे कळांचा तक्ता, ज्याला आम्ही पार्टोग्राफ म्हणतो. त्यात किती वाजता तोंड किती उघडले, बाळाचे डोके किती खाली आले, दहा मिनिटांत किती कळा आल्या आणि ठोके किती होते, हे ओळीने भरलेले असते. आमच्या काळात तासाला एक सेंटिमीटर अशी मोजपट्टी होती आणि तक्त्यावरची रेघ ओलांडली की आम्ही सावध व्हायचो. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले की जोरकस कळांचा टप्पा पाच सेंटिमीटरपासून धरावा आणि केवळ तासाला एक सेंटिमीटर उघडत नाही एवढ्या कारणावरून हस्तक्षेप करू नये. तुझ्या बाबतीत मात्र सहा सेंटिमीटरवर चार तास आणि त्याच वेळी ठोके उतरणे, असे दोन्ही एकत्र आलेले दिसते.

दुसरी गोष्ट म्हणजे ठोक्यांच्या आलेखाची लांब पट्टी. पोटातल्या बाळाचे ठोके मिनिटाला ११० ते १६० असणे अपेक्षित असते. कळ आली की ते थोडे उतरणे आणि कळ सरली की पूर्ववत होणे, यात घाबरण्यासारखे काही नसते. कळ सरल्यावरही ते वर येत नसतील, किंवा एकदम खाली जाऊन तिथेच राहत असतील, तर मात्र वाट पाहणे धोक्याचे ठरते. तुला डाव्या कुशीवर वळवले, ते गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिन्यांवरून हलून बाळाकडे रक्त नीट जावे म्हणून. ज्यांनी ते केले त्यांना आपले काम समजत होते, एवढे मी येथून सांगू शकते.

तुझ्या कळा सगळ्या कमरेत होत्या, हे वाचून मला एक शंका आली आहे. बाळाची पाठ आईच्या पाठीकडे आणि तोंड पोटाकडे असेल तर अशा कळा येतात आणि डोके वळून खाली यायला फार वेळ लागतो, कधीकधी ते येतच नाही. केसपेपरवर “ओपी” अशी नोंद आहे का, ते अवश्य बघ. तसे असेल तर तू आणखी चार तास सोसले असतेस तरी फरक पडलाच असता असे नाही. कळा सोसल्या म्हणजे बाळाचे डोके वळतेच असे नाही.

आणि आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाविषयी. “काही नाही, घाबरू नका” हे वाक्य मी नोकरीत हजारो वेळा उच्चारले असेल. बोलत बसायला वेळ नसतो हे खरे, पण “बाळाचे ठोके कमी झालेत, ऑपरेशन करून लगेच बाहेर काढावं लागेल” हे सांगायला दहा सेकंदसुद्धा लागत नाहीत. हे मला उशिरा उमगले. शेवटच्या काही वर्षांत मी बांगड्या काढता काढता ते सांगत असे, आणि हात सोडवून घेणारी बाई ते ऐकताच स्वतःहून हात पुढे करत असे, हे मी पाहिले आहे.

रडू पहिल्या दोन आठवड्यांत बहुतेक सगळ्यांना येते. तुला २६ दिवस झाले आहेत. झोप मिळूनही झोप लागत नसेल, बाळाविषयी काहीच वाटेनासे झाले असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर ते आईजवळ आणि डॉक्टरांजवळ स्पष्ट बोल. रात्री-अपरात्री कोणीच नसेल तर सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. तेथे फुकट बोलता येते.

थेम्सकाठची

मी नऊ वर्षांपासून इंग्लंडमध्ये राहते आणि माझेही पहिले बाळंतपण अचानक सिझेरियनवर गेले. येथे शस्त्रक्रियेच्या तातडीचे चार वर्ग केलेले आहेत. आईच्या किंवा बाळाच्या जिवाला तत्काळ धोका असेल तर तो पहिला वर्ग, आणि निर्णयापासून तीस मिनिटांच्या आत बाळ बाहेर यावे अशी अपेक्षा असते. दुसऱ्या वर्गात धोका तत्काळ नसतो, पण फार थांबता येत नाही. तेथे पंचाहत्तर मिनिटांची मर्यादा आहे. माझे दुसऱ्या वर्गातले होते. पती थिएटरमध्ये माझ्या उशाशी बसले होते आणि डॉक्टरांनी मला सर्व काही समजावूनही सांगितले होते.

तरीही मी दोन महिने रडत होते. हे मुद्दाम लिहीत आहे, कारण सगळे सांगून झालेल्या शस्त्रक्रियेचेही दुःख होऊ शकते. नऊ महिने मनात एक चित्र रंगवलेले असते आणि ते अर्ध्या तासात पुसले जाते. येथील बऱ्याच रुग्णालयांत प्रसूतीनंतर काही आठवड्यांनी एक अनुभवी सुईण तुमची फाइल घेऊन तुमच्यासमोर बसते आणि तासातासाचा वृत्तांत वाचून दाखवते. मी ती वेळ मागून घेतली होती. त्या बैठकीत मला कळले की ज्या वेळी खोलीत अचानक सहा-सात माणसे धावत आली आणि मी मरणार अशी माझी खात्री झाली, त्या वेळी धोका माझ्या जिवाला नव्हताच. ती सर्व धावपळ बाळासाठी होती. केवळ तेवढ्या एका माहितीने माझी झोप परत आली. सोनकी, आपल्याकडे अशी ठरलेली पद्धत नसली तरी आपल्या डॉक्टरांना “मला वीस मिनिटे द्या आणि फाइल समोर ठेवून सांगा” असे म्हणता येईलच की.

रुक्मिणीकाकू

मुली, बाळ सुखरूप आहे, तू सुखरूप आहेस, यापरते दुसरे काय हवे? आमच्या चुलतसासूबाई पहिल्या बाळंतपणातच गेल्या, घरातच, दोन दिवस कळा देऊन. तेव्हा पोट उघडणारे कोणी असते तर त्या वाचल्या असत्या. झाले गेले विसरून डिंकाचे आणि अळिवाचे लाडू खा आणि लेकीकडे बघ.

सोनकी

काकू, तुमच्या चुलतसासूबाईंचे वाचून अंगावर काटा आला. माझी मुलगी आज माझ्या मांडीवर आहे ती शस्त्रक्रियेमुळे, याची मला जाणीव आहे. मी शस्त्रक्रियेला दोष देत नाही. मुलगी सुखरूप असल्याचा आनंद आणि त्या संध्याकाळचे भय, दोन्ही माझ्या मनात एकाच वेळी आहेत, आणि एकाने दुसरे नाहीसे होत नाही. “विसर” असे कोणी म्हटले की मला बोलण्याची जागाच उरत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

मोगराताई, तुम्ही प्रश्न वेगळे करून दिलेत याने फार हायसे वाटले. डिस्चार्ज कार्ड आत्ताच काढून पाहिले. त्यावर “एलएससीएस, एनपीओएल विथ फीटल डिस्ट्रेस” असे लिहिले आहे. इतके दिवस ते कपाटात होते आणि मी ते उघडलेच नव्हते. प्रतीसाठी अर्ज उद्या यजमानांबरोबर पाठवते.

आणखी एक विचारायचे आहे. मणक्यात दिलेल्या इंजेक्शनमुळे आयुष्यभर कंबर दुखते, असे सगळेच सांगतात. माझी कंबर आत्ताही दुखते. आणि शस्त्रक्रिया चालू असताना मला पोटात हिसके जाणवत होते, म्हणजे भूल कमी पडली होती का?

भूलवैद्य

मी भूलतज्ज्ञ आहे, त्यामुळे या दोन प्रश्नांची उत्तरे देतो.

मणक्यात जे औषध देतात ते कमरेच्या खालच्या भागात, जेथे मज्जारज्जू संपलेला असतो त्याच्याही खाली, केसासारख्या बारीक सुईने देतात. सुई टोचल्याच्या जागी काही दिवस दुखरेपणा राहू शकतो. मात्र या इंजेक्शनमुळे कायमची कंबरदुखी जडते, असे संशोधनात दिसून आलेले नाही. नऊ महिन्यांत पोट पुढे आल्याने कमरेला आलेला बाक, सैल झालेले सांधे, ढिले पडलेले पोटाचे स्नायू, आणि त्यानंतर दिवसातून दहा-बारा वेळा वाकून बाळाला पाजणे, ही कंबरदुखीची खरी कारणे आहेत. म्हणूनच नैसर्गिक प्रसूती झालेल्या स्त्रियांचीही कंबर दुखते. पाठीला टेकण घेऊन, मांडीवर उशी ठेवून बाळ छातीच्या उंचीवर आणावे. आडवे पडून कुशीवर पाजले तर टाक्यांवरही भार येत नाही.

या इंजेक्शनचा एक त्रास मात्र खरा आहे. काही स्त्रियांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उठून बसल्यावर तीव्र डोकेदुखी होते आणि आडवे पडल्यावर ती कमी होते. हल्लीच्या बारीक सुयांमुळे हे प्रमाण पुष्कळ घटले आहे आणि त्यावर उपचारही आहेत. चोवीस तास उशी न घेता सरळ पडून राहिल्याने ती टळते, हा समज मात्र चुकीचा आहे.

हिसक्यांविषयी. या भुलेने वेदना पूर्ण जाते, पण ओढ, दाब आणि हालचाल यांची जाणीव राहते. बाळ बाहेर काढताना साहाय्यक डॉक्टर पोटाच्या वरच्या भागावर जोराने दाबतात, तेव्हा ती जाणीव सर्वांत तीव्र असते. भूल कमी पडली असती तर तुम्हाला चाकूसारखी तीक्ष्ण वेदना झाली असती आणि त्या वेळी औषध वाढवावे किंवा पूर्ण भूल द्यावी लागली असती. दात वाजेपर्यंत थंडी भरणे आणि मळमळणे हेही नेहमीचे आहे. मळमळ बहुतेक वेळा रक्तदाब एकाएकी उतरल्यामुळे होते. “आता ओढल्यासारखं वाटेल, दुखणार नाही, दोन मिनिटांत बाळ येईल” हे सांगणे माझे काम असते, कारण शस्त्रक्रिया करणारे पडद्यापलीकडे असतात आणि रुग्णाच्या डोक्याशी फक्त मी असतो. तुमच्या वेळी ते कोणी सांगितले नाही, याचे मला वाईट वाटते.

सोनकीचा सोबती

मी सोनकीचा नवरा. तिच्या परवानगीने लिहीत आहे.

त्या संध्याकाळी मी बाहेरच्या बाकावर होतो. सिस्टर बाहेर आल्या, त्यांनी एका रुमालात बांधलेले मंगळसूत्र आणि बांगड्या माझ्या हातात दिल्या, एका कागदावर माझी सही घेतली आणि आत गेल्या. त्या रुमालात फुटलेल्या बांगड्यांचे दोन तुकडेही होते. मला वाटले की सोनकीला काहीतरी झाले आहे. मी सासूबाईंना तो रुमाल दाखवला नाही, खिशात ठेवला. अर्ध्या तासाने मुलीचे रडणे ऐकू आले तेव्हा मी पहिल्यांदा श्वास घेतला, आणि नंतर सोनकी रडू लागली की मी तिला म्हणत राहिलो, “सगळं नीट झालं ना, मग आता कशाला?” ते मी तिला नव्हे, स्वतःलाच सांगत होतो. ती काय विचारते आहे, हे मला हा धागा वाचल्यावर कळले. अर्ज दिला आहे. शनिवारी प्रत मिळेल.

अबोली

सोनकी, पुढचा प्रश्न आज ना उद्या आपल्या मनात येईलच, म्हणून आधीच लिहिते. माझे पहिले सिझेरियन असेच अचानक झाले होते आणि साडेतीन वर्षांनी दुसरी मुलगी नैसर्गिक प्रसूतीने झाली, एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात.

“एकदा सिझर की कायम सिझर” हे सरसकट खरे नाही. पहिला छेद गर्भाशयाच्या खालच्या भागावर आडवा असेल आणि इतर अडचण नसेल, तर प्रयत्न करणाऱ्या शंभर स्त्रियांपैकी साठ ते ऐंशी जणींची पुढची प्रसूती नैसर्गिक होते. धोका आहे, तो लपवण्यात अर्थ नाही: जुना व्रण कळांच्या वेळी उसवण्याचे प्रमाण साधारण दोनशेत एक आहे आणि तसे झाल्यास काही मिनिटांत पोट उघडावे लागते. म्हणून चोवीस तास शस्त्रक्रियागृह, भूलतज्ज्ञ आणि रक्त उपलब्ध असेल अशाच ठिकाणी हा प्रयत्न करतात. दोन बाळंतपणांत पुरेसे अंतर हवे. मला डॉक्टरांनी किमान दीड-दोन वर्षे तरी दिवस राहू देऊ नका असे बजावले होते.

माझ्या बहिणीने अशाच परिस्थितीत दुसऱ्यांदा ठरवून सिझेरियन करून घेतले आणि तीही समाधानी आहे. कोणता मार्ग घ्यायचा ते नंतर बघा, पण त्या वेळी डॉक्टरांनी सर्वांत आधी माझ्या पहिल्या शस्त्रक्रियेचा तपशील मागितला होता आणि माझ्याकडे तो होता. वरून दिसणाऱ्या त्वचेवरच्या आडव्या व्रणावरून आतला छेद कसा होता ते कळत नाही. म्हणून प्रत मिळाली की शस्त्रक्रियेच्या नोंदीचे पान वेगळे काढून जपून ठेवा.

सोनकी

तीन आठवड्यांनी लिहीत आहे, क्षमस्व. मध्ये मुलीला दीड महिन्याच्या लसी दिल्या आणि दोन दिवस ताप होता.

प्रत मिळाली. एकूण ३८ पाने आहेत. मोगराताई, तुमची शंका बरोबर होती. दुपारी दोन आणि संध्याकाळी सहा, दोन्ही तपासण्यांपुढे “ओपी” लिहिलेले आहे. बाळाची पाठ माझ्या पाठीकडे होती आणि ती शेवटपर्यंत वळली नाही. सहा वाजून चौतीस मिनिटांनी ठोके ८० पर्यंत उतरले आणि चार मिनिटे तेथेच राहिले. सहा चाळीसला निर्णय. सात बाराला जन्म. पाणी हिरवट झाले होते, म्हणूनच बालरोगतज्ज्ञ तिला लगेच घेऊन गेले. हे सारे मी स्वयंपाकघरात आईसमोर मोठ्याने वाचले. आई म्हणाली, “म्हणजे सोसण्याचा संबंधच नव्हता.” तिने ते स्वतःहून म्हटले आणि नंतर फोनवर मावशीलाही तसेच सांगितले.

संमतिपत्र पाहिले. त्यावरची सही माझी आहे, पण ओळखू येत नाही. पहिले अक्षर लागते आणि पुढे नुसती रेघ खाली घसरत जाऊन छापील मजकुरावर थांबते. ती रेघ मी कितीतरी वेळ पाहत होते.

डॉक्टरांनी बाह्यरुग्ण तपासणी संपल्यावर पंचवीस मिनिटे दिली. त्यांनी आलेखाची पट्टी टेबलावर पसरून दाखवली. मी विचारले, “तुम्ही मला का सांगितलं नाही?” त्या थोडा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, “तुम्ही कळांमध्ये होता, तुम्हाला काही समजेल असं मला वाटलं नाही. ते चुकलं माझं.” मला यापेक्षा अधिक काही हवे होते का, याचा मी घरी येताना विचार केला. त्या वेळी तरी नको होते.

एक गोष्ट सुटलेली नाही. अकरा ते एक या दोन तासांत तक्त्यावर एकही नोंद नाही, आणि त्याच काळात सलाइनचा वेग वाढवलेला दिसतो. डॉक्टर म्हणाल्या, सिस्टर दुसऱ्या प्रसूतीत होत्या. मी ते पुढे ताणले नाही, पण ती जागा रिकामी आहे हे त्यांना दाखवले आणि त्यांनीही ती पाहिली.

मोगराताई, शेवटच्या पानावर “लोअर सेगमेंट वेल फॉर्म्ड, ट्रान्सव्हर्स इन्सिजन, नो एक्स्टेन्शन” असे लिहिले आहे. अबोलीताईंनी सांगितलेला तपशील तो हाच का?

मोगरा

हो, हाच. छेद खालच्या भागावर आडवा घेतला आणि बाळ काढताना तो बाजूला फाटत गेला नाही, असा त्याचा अर्थ. ते पान डिस्चार्ज कार्डासोबत ठेव आणि त्याचा एक फोटो दोघांच्याही फोनमध्ये असू दे. दोन तासांची रिकामी जागा दाखवलीस, हे बरे केलेस. आता त्या कक्षात पुढच्या बाईचा तक्ता भरताना कोणाच्या तरी ते लक्षात राहील.

रडू कसे आहे?

सोनकी

कमी आहे. काल रात्री दोनदा उठले, पाजले आणि पुन्हा झोपले.